जेटीचा रिकामा रकाना

बसण्यापूर्वी ते खुर्ची फिरवून घेत. आमच्या आरोग्य उपकेंद्रातली खुर्ची माझ्या टेबलाकडे तोंड करून असे. ते आत येत, ती दोन्ही हातांनी उचलत, खिडकीतून खाडीचे मुख दिसेल अशी मांडत आणि माझ्याकडे पाठ करून बसत. मग डावा हात मागे सोडून म्हणत, "घे डाक्टरीण बाय, बांध तुझा तो जल्ला फुगा."

"काका, तोंड इकडे करा."

"जमिनीला पाठ चालते. पाण्याला नाय."

रक्तदाब कसा मोजावा याचे नियम असतात. पाठ टेकलेली हवी, पाय जमिनीवर हवेत, हाताला आधार हवा. माणसाने समुद्राकडे पाहू नये असा नियम मात्र कुठेही नाही. तीन आठवडे मी वाद घातला आणि चौथ्या आठवड्यात माझे टेबल खिडकीकडे सरकवले. ते आजही तिथेच आहे.

मी आकडा सांगितला की ते विचारत, "किती वाव?" वाव म्हणजे पाण्याची खोली सांगायचे माप, पसरलेल्या दोन हातांएवढे. "एकशे पन्नास? एवढ्या पाण्यात नांगर लागायचा नाय. गोळी दे."

वाडीत त्यांना सगळे तांडेल म्हणत. नाव केसपेपरवर होते. ते मी इथे लिहिणार नाही. तांडेल म्हणजे मासेमारी नौकेचा प्रमुख. जाळे कुठे टाकायचे, कधी ओढायचे, आभाळ बघून कधी परतायचे, हे सगळे त्याचा शब्द ठरवतो, आणि त्या शब्दावर खलाशी चर्चा करत नाहीत. चाळीस वर्षे या गृहस्थांच्या शब्दावर माणसे पाण्यात गेली आणि सगळी परत आली. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर असे सांगता येणारे तांडेल थोडे.

मी या वाडीत रुजू झाले तेव्हा पहिल्या तपासणी शिबिराला तीन माणसे आली होती, त्यातले एक पत्ता विचारायला. दुसऱ्या शिबिराला तांडेल आले, माझ्याकडे पाठ करून बसले आणि दारातून डोकावणाऱ्यांना म्हणाले, "पोरीनं उन्हातून येऊन दुकान मांडलंय. हात द्या तिला." दुपारपर्यंत रांग पाखाडीच्या पायऱ्यांवरून खालच्या विहिरीपर्यंत गेली होती. माझ्या कामाचे पुढे जे कौतुक झाले त्याची सुरुवात त्या एका वाक्यात आहे.

त्यांना एक सवय होती: तरुण खलाशांची परीक्षा घेण्याची. जेटीवर उभे राहून एखाद्याला अचानक विचारायचे, "पाणी चढतंय का उतरतंय?" तो गडबडला तर, "मेल्या, तू बर्फाच्या कारखान्यात जा, तिथं पाणी एका जागी राहतं." सगळे हसत, तो खलाशीही हसे, आणि पुन्हा कधी चुकत नसे.

म्हणूनच त्यांचा आजार जवळजवळ वर्षभर कोणाच्या लक्षात आला नाही. ते विचारत राहिले, "पाणी चढतंय का उतरतंय?" आणि खलाशी उत्तर देत राहिले. एका सकाळी मी जेटीवर लसीकरणाची यादी घेऊन उभी होते. तासाभरात त्यांनी एकाच माणसाला तो प्रश्न चार वेळा विचारला. चौथ्या वेळी तो खलाशी माझ्याकडे बघून हसत म्हणाला, "आज तांडेल आमाला सोडत नायत." मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. परीक्षा घेणाऱ्याच्या डोळ्यांत उत्तर आधीच असते. त्यांच्या डोळ्यांत ते नव्हते. समोर एवढे पाणी हलत होते आणि ते कुठल्या दिशेला हलते आहे, हे त्यांना खरोखरच कळत नव्हते.

शहरात नेऊन तपासण्या झाल्या. निदान स्मृतिभ्रंशाचे निघाले. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी काकी म्हणते, कागद उलटसुलट बघत म्हणाल्या, "विसरच ना? मग त्याला एवढे कागद कशाला?" मी समजावले की हा विसर परतणारा नाही आणि थांबणाराही नाही. त्यांनी कागदांची नीट घडी घातली. मग म्हणाल्या, "ह्यांना सांगू नको. ह्यांना वाटेल, आपण कोणाला तरी बुडवू."

मुलगा नवी मुंबईत नोकरीला होता. तो आला आणि त्याने घराच्या दाराला बाहेरून कडी बसवली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही; त्याच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही आधी लोहाराकडेच गेला असतात. काकी बाजाराला गेल्या की शेजारीण कडी लावे. चौथ्या दिवशी काकींनी मला बोलावून दाराची आतली बाजू दाखवली. लाकडावर नखांचे ओरखडे होते, सगळे एकाच उंचीवर, आखल्यासारखे. तांडेल ओरडले नव्हते, रागावले नव्हते. दर थोड्या वेळाने ते आतून अगदी अदबीने विचारत, "दार कोणी लावलंय हो?" शेजारीण ते ऐकून स्वतःच्या घराचे दार लावून बसली होती.

मी मुलाला सांगितले की कडी काढा. या आजारात माणसाला कोंडले की तो लवकर ढासळतो. ओळखीची वाट, ओळखीचे चेहरे, रोजचे चालणे एवढेच त्याच्याजवळ उरते. दार उघडे ठेवायचे आणि वाडीने लक्ष ठेवायचे.

"आणि हरवले तर?"

"हरवणार नाहीत. मी व्यवस्था करते."

"एक दिवस जरी सापडले नाहीत ना मॅडम," तो म्हणाला, "तर मी त्यांना नवी मुंबईला, माझ्या सातव्या मजल्यावरच्या घरी नेईन. मग तिथं त्यांचं काय होईल, ते तुमच्यावर."

मी मान्य केले. दाराची कडी उतरली ती माझ्या शब्दावर, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे.

व्यवस्था मी नीट बांधली. देवळाच्या सभामंडपात वाडीची बैठक घेतली. तांडेलांच्या घरापासून फुटणाऱ्या वाटांवर बारा ठिकाणे निश्चित केली: किराणा दुकान, सलून, जाळी विणण्याची शेड, एसटीचा थांबा, वरच्या कातळाच्या सड्यावर चढणारी पायवाट, जेटी, असे करत बारा. प्रत्येक ठिकाणी एक जबाबदार माणूस. नियम साधा ठेवला. तांडेल दिसले की थांबवायचे आणि विचारायचे, "तांडेल, कुठे निघालात?" उत्तर काहीही येवो, त्यांना एखादे काम सांगून परत वळवायचे, आणि उपकेंद्रात फोन करायचा. मी तक्त्यात नोंद करणार.

कोपऱ्यात बसलेल्या एका वयस्कर मासेविक्रेत्या बाईंनी विचारले, "आणि जेटीवर कोण इचारनार?"

"जो असेल तो. सगळ्यांनीच."

त्यावर कोणी बोलले नाही. दोन पुरुष पायांच्या अंगठ्यांकडे बघत राहिले. ज्याच्याकडे जेटी दिली होती, तो नखातला खवला काढू लागला. बैठकीतली शांतता म्हणजे संमती, असे मी धरले. मला पुढच्या मुद्द्याकडे जायचे होते.

व्यवस्था चालली, आणि अशी चालली की मला स्वतःला नवल वाटले. सलूनवाल्याने एका सकाळी तांडेलांची तीनदा दाढी केली. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी नुसता फेस लावून वस्तऱ्याची उलटी बाजू फिरवली. तांडेल आरशात गाल चोळून म्हणाले, "हात हलका हाय तुझा. कधीपासून बसतोस इथं?" "कालपासून," सलूनवाला म्हणाला. तो सव्वीस वर्षे तिथे बसतो.

जाळ्यांच्या शेडमधल्या बायकांनी एक फाटके जाळे त्यांच्यासाठी वेगळे ठेवले होते. ते बसत आणि मन लावून विणत. बोटे झरझर चालत, पण गाठी सुटत्या पडत. ते गेले की बायका जाळे उसवत आणि दुसऱ्या दिवशी तेच पुढ्यात ठेवत. "किती फाडता गो पोरींनो," ते कुरकुरत. "जाळं वापरता की पोरं निजवता त्यात?" त्या हसत, आणि एखादी तोंड फिरवून पदर डोळ्याला लावी.

एसटीच्या कंडक्टरने तर त्यांना एकदा बसमध्ये चढू दिले, पुढच्या वळणापर्यंत नेले आणि "तांडेल, तुमचं बंदर आलं," म्हणून उतरवले. तिथे शेजारीण उभीच होती.

तक्ता भरत गेला. दर महिन्याला मी रकान्यांची बेरीज करी. दुकान, सलून, शेड, थांबा, सडा, सगळीकडे नोंदी. फक्त जेटीचा रकाना रिकामा. एका महिन्यात शून्य, दुसऱ्यात शून्य, पाचव्यात शून्य. मी त्या शून्याचा अर्थ लावला. पाणी ओळखता येईनासे झाल्यामुळे ते पाण्याला टाळत असावेत, असा तो अर्थ होता. तालुक्याच्या सभेत मी हे काम मांडले, इतर गावांसाठी आराखडाही दिला, आणि त्यात एक वाक्य लिहिले: "रुग्णात किनाऱ्याकडे जाण्याची प्रवृत्ती आढळली नाही." टाळ्या झाल्या. ते वाक्य माझे आहे.

दरम्यान आजार आपल्या गतीने खाली उतरत होता. गणपतीच्या सुमारास ते काकींना ओळखेनासे झाले. त्यांच्याशी फार आदराने वागत. "मावशी, चहा चांगला झालाय," असे म्हणून कप स्वतः विसळून ठेवत. मग उठत. "निघतंव मी आता. घरी बायको वाट बघत असेल."

"बसा हो जरा," काकी म्हणत. "तिला माहीत हाय तुम्ही इथं आहात ते."

"तुम्ही ओळखता तिला?"

"थोडी थोडी."

हे मी ऐकलेले आहे. काकी हे सांगून हसवत असत, पण त्या काळात त्यांचे वजन सहा किलोंनी घटले होते, आणि तेही माझ्याच नोंदवहीत आहे.

पितृपक्ष संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास काकी उपकेंद्रात आल्या. दारातच उभ्या राहिल्या. "आले नायत," एवढेच म्हणाल्या.

मी फोन हातात घेतला. दुकान: नाही. सलून: नाही. शेड: आज आलेच नाहीत. थांबा, सडा, देऊळ: नाही, नाही, नाही. अकरा ठिकाणे झाली. बारावा फोन वाजत राहिला. मी पाखाडीच्या पायऱ्या उतरत जेटीवर गेले. अमावास्येचे उधाण होते. भरती बाराच्या पुढे फिरलेली, आणि आता खाडी तोंड उघडून बाहेर ओतत होती. जेटीच्या खांबांना पाणी धरून ओढल्यासारखे वाजत होते.

तिथे तिघे खलाशी जाळे आवरत होते. त्यातला वडीलधारा तांडेलांच्या हाताखाली वीस वर्षे राबलेला. जेटी त्याच्याकडेच दिली होती.

"तांडेल इकडे आले होते?"

"आले होते की."

"मग कुठे आहेत?"

त्याने खाडीकडे नुसती हनुवटी केली.

"होडीतून? एकटे?"

"नेहमीसारखे."

नेहमीसारखे! तो तुकड्यातुकड्यांनी सांगत गेला. तांडेल महिन्यातून चार-पाच वेळा येत. जेटीला बांधलेली लहान होडी घेत, खाडीच्या मध्ये नांगरलेल्या आपल्या जुन्या नौकेपर्यंत वल्हवत जात, तिच्यावर तासभर बसत आणि परत येत. ही माणसे काठावरून नजर ठेवत. आज मासळी उतरवायची गडबड होती. तांडेलांनी "सोड" म्हटले आणि या वडीलधाऱ्याने दोर सोडला.

"तुम्ही विचारलं नाहीत? कुठे निघालात म्हणून? बैठकीत ठरलं होतं ना?"

तो माझ्याकडे बघेना. "पाण्यावर निघालेल्या माणसाला कुठं म्हणून इचारायचं नसतं, बाय."

"का?"

"इचारलं तर तो परत येत नाय."

तो हे कुजबुजत म्हणाला, जणू आत्ताही ऐकू जाईल. "दुकानावर इचारतील, थांब्यावर इचारतील. तिथं जमीन हाय. इथं त्यांना कोण इचारणार? आमाला जीव लावलेला माणूस तो. आमी कसं इचारू?"

पाच महिन्यांचे शून्य तेव्हा मला कळले. तांडेल जेटीवर येत होते. वाडीतले सगळे पुरुष त्यांना बघत होते. त्यांचा जीव राहावा म्हणून कोणीही त्यांना प्रश्न केला नव्हता, आणि प्रश्न झाला नाही म्हणून नोंद झाली नव्हती. मी ज्या एका वाक्यावर सगळी व्यवस्था उभी केली, ते वाक्य या लोकांच्या तोंडून त्या एका जागी येणे शक्य नव्हते. बैठकीत त्या बाईंनी मला हेच विचारले होते, आणि मी पुढच्या मुद्द्याकडे गेले होते.

नौका निघाल्या. किती निघाल्या ते मी मोजले नाही. ज्याची चालू होती त्याची निघाली. जुन्या नौकेवर ते नव्हते. तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच ओहोटीने होडी पुढे नेली असावी, किंवा त्या दिवशी त्यांना तिथे जायचेच नसावे. अंधार पडेपर्यंत शोध चालला, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा सुरू झाला.

होडी आरे-वारेच्या किनाऱ्यासमोर सापडली. उलटलेली नव्हती. नीट नांगरलेली होती. नांगराचा दोर खोलीच्या हिशेबाने बरोबर लांब सोडलेला, टोकाची गाठ पक्की, शेडमधल्या जाळ्यात त्यांना महिनोन् महिने जमली नव्हती तशी. वल्ही आत घेऊन बाजूला मांडलेली. आणि भाकरी बांधायचे एक फडके समुद्राच्या पाण्यात धुऊन, पिळून, वल्ह्याच्या दांड्यावर वाळत घातलेले. एखादा माणूस सावकाश जेवून, हात धुऊन, सगळे आवरून उठावा, तसे होते ते. फक्त उठून जायला तिथे जागा नव्हती.

तांडेल सापडले नाहीत. अजूनही नाहीत.

मुलगा आला. सातव्या मजल्याचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही. दाराची जुनी कडी घरात खिळ्याला टांगलेली होती. ती त्याने उतरवून पिशवीत घातली आणि बरोबर नेली. का, ते मी विचारू शकले नाही.

आठवड्याने बेपत्ता असल्याच्या अर्जासाठी माहिती द्यायची होती. मुलगा परत गेला होता, काकींना लिहिता येत नाही, म्हणून अर्ज मी घेऊन बसले. उंची, वय, अंगावरचे कपडे. पांढरा सदरा, खाकी चड्डी, कमरेला लाल रुमाल. मग पुढचा रकाना आला: शेवटचे कोणी पाहिले.

मी खलाशाचे नाव लिहायला घेतले.

"थांब," काकी म्हणाल्या.

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. गेल्या आठवड्यात त्या रडल्या नव्हत्या, आणि याचा अर्थ काय असू शकतो, याच्या शक्यता मी मनात मांडून ठेवल्या होत्या. त्यांपैकी एकही बरोबर नव्हती.

"ते फडकं माझं होतं," त्या म्हणाल्या. "भाकरी मीच बांधून दिली."

मी पेन खाली ठेवले.

"दुपारी उठले. तोंड धुतलं. रुमाल बांधला, स्वतःच, ताठ. आणि मला हाक मारली. मावशी नाय. माझ्या नावानं. लग्नानंतर पहिल्या वर्षी मारायचे, तशी." त्यांनी हात गुडघ्यांवर दाबून धरले. "म्हणाले, भाकरी दे. मी दिली. म्हणाले, येतंव. चाळीस वर्षं ते या दारातून निघाले, बाय, मी कधी इचारलं नाय. त्या दिवशी कसं इचारू? इचारलं असतं आणि पुन्हा मावशी म्हणाले असते तर?"

"तुम्हाला माहीत होतं ते जेटीकडे चाललेत?"

"भाकरी माणूस दुकानात जाताना नेतो का गो?"

त्या अर्जाच्या रकान्यात खलाशाच्या नावाची दोन अक्षरे पडली होती. काकींनी बोट ठेवून ती दाखवली. वाचता येत नसूनही त्यांना ती कळली होती.

"त्याचं खोड," त्या म्हणाल्या. "त्यानं दोर सोडला फक्त. माझं घाल."

मी त्यांचे आधार कार्ड पुढे ओढले.

"त्यातलं नको. ते मुलाच्या वेळेला दवाखान्यात कोणीतरी लिहिलेलं नाव, तेच पुढं चिकटलं. ह्यांनी त्या दिवशी हाक मारली ते सांगतंव, ते लिही."

त्यांनी ते नाव सांगितले. मी तोपर्यंत ते कधी ऐकले नव्हते. मी ते लिहिले. त्यांनी मला ते मोठ्याने वाचायला लावले, एकदा, आणि मग पुन्हा एकदा.